काउंटरवरचा ‘नाही’ आणि मॅनेजरचा ‘हो’

प्रश्न असा आला आहे: “कपडे आणि बूट विकणाऱ्या एका मोठ्या दुकानात मी एक्स्चेंज-रिफंडच्या काउंटरवर काम करते. मुदत उलटून गेलेला, बिल हरवलेला, कधी चक्क वापरलेला माल घेऊन लोक येतात. मी नियमाप्रमाणे नाही म्हणते. ते आवाज चढवतात, मॅनेजरला बोलवा म्हणतात. मॅनेजर येतात आणि हसतमुखानं पैसे देऊन टाकतात. मी सगळ्यांसमोर खोटी पडते. यात चूक कोणाची? ‘ग्राहक नेहमीच बरोबर’ हे खरं मानायचं का? आणि अशा वेळी वागायचं कसं?”

मी आधी फ्लोअरवर, मग याच काउंटरवर आणि पुढे मॅनेजर म्हणून बरीच वर्षं काम केलं. आता नव्या स्टाफला शिकवतो. सरळ उत्तर आधी देतो. तुम्ही नाही म्हणालात यात काहीही चूक नाही. चूक दुकानाच्या रचनेत आहे. तिथे ‘नाही’ म्हणायचं काम एकाच्या गळ्यात आणि ‘हो’ म्हणायचा अधिकार दुसऱ्याच्या हातात दिलेला आहे. हे असं आहे तोवर काउंटरवरचा माणूस कितीही गोड बोलला तरी रोज कुणीतरी त्याच्यावर ओरडणार, कारण ओरडल्याशिवाय अधिकार असलेला माणूस बाहेर येत नाही.

पण त्याआधी कायद्याचं थोडं बोलू, कारण बरेच वाद दोन वेगळ्या गोष्टी एकाच नियमाखाली कोंबल्यामुळे होतात. परत येणारा माल दोन तऱ्हेचा असतो. एकात दोष असतो: शिवण उसवली, तळ सुटला, चेन बसत नाही. दुसरा चांगला असतो, फक्त ग्राहकाचं मन बदललेलं असतं: रंग आवडला नाही, साइझ चुकली, कुणीतरी भेट दिला होता. दुकानाची पॉलिसी लागू होते ती या दुसऱ्या मालाला. सदोष मालाच्या बाबतीत बहुतेक देशांत कायदाच बोलतो आणि त्याच्यापुढे काउंटरवरच्या पाटीचं काही चालत नाही. ऑस्ट्रेलियात ‘पैसे परत मिळणार नाहीत’ अशी सरसकट पाटी लावणंच बेकायदा आहे. ब्रिटनमध्ये २०१५च्या ग्राहक हक्क कायद्यानुसार सदोष वस्तू ३० दिवसांच्या आत परत करून पूर्ण पैसे मागता येतात. त्यानंतर दुकानाला दुरुस्तीची किंवा बदलून देण्याची एक संधी मिळते. युरोपीय संघात विक्रेत्यावर किमान दोन वर्षांची कायदेशीर हमी असते. भारताच्या २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष माल बिलावर छापलेल्या मुदतीत, आणि मुदत छापलेलीच नसेल तर ३० दिवसांत, परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. बिल न देणंही तसंच.

मन बदललेल्या ग्राहकाला मात्र असं संरक्षण फारसं कुठे नाही. युरोपीय संघात १४ दिवसांत विनाकारण परत करायची मुभा आहे, पण ती ऑनलाइन किंवा फोनवरून घेतलेल्या मालाला. स्वतः दुकानात जाऊन, हातात धरून, घालून बघून घेतलेल्या मालाला नाही. अमेरिकेत दुकानातून घेतलेला निर्दोष माल परत घ्यायला लावणारा संघीय कायदाच नाही. म्हणजे इथे दुकान जे देतं ते स्वतःच्या खुशीनं देतं, आणि म्हणून अटी घालायचा त्याला हक्क असतो.

याचा तुमच्या कामाशी थेट संबंध आहे. काउंटरवर पहिला प्रश्न “बिल आहे का?” हा नसावा. पहिला प्रश्न “काय झालं?” हा असावा. बिलापासून सुरुवात केली की दोष असलेला आणि दोष नसलेला, दोन्ही ग्राहक एकाच रांगेतले संशयित होतात. ज्याचा बूट आठवड्यात फाटला त्याला तुम्ही “टॅग नाही, घेता येणार नाही” म्हणालात तर त्याचा राग रास्त आहे आणि बहुधा कायदाही त्याच्या बाजूचा आहे. टॅग काढल्याशिवाय बूट फाटेपर्यंत घालणार कसा? बिलाचंही तसंच. ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियात खरेदीचा पुरावा म्हणून कार्डाचं किंवा बँकेचं स्टेटमेंटसुद्धा चालतं. बिल हा खरेदी सिद्ध करायचा सगळ्यात सोपा मार्ग आहे, एकमेव मार्ग नाही. दुकानाच्या सिस्टिममध्ये कार्डावरून किंवा मोबाइल नंबरवरून खरेदी सापडत असेल तर शोधून द्या. शोधायला लागलेली दोन मिनिटं पुढची वीस मिनिटं वाचवतात.

आता ‘नियम आहे’ या दोन शब्दांकडे येतो. हे शब्द ऐकल्यावर शांत असलेला माणूसही का उसळतो, याचं माझ्या मते सगळ्यात चांगलं उत्तर एका जुन्या प्रयोगात मिळतं. मानसशास्त्रज्ञ एलन लँगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये तो प्रसिद्ध केला. फोटोकॉपी मशीनपाशी उभ्या असलेल्या लोकांना विचारायचं, “मला आधी काढू द्याल का?” पाच पानं असतील आणि काहीच कारण दिलं नाही तर ६० टक्के लोक हो म्हणाले. “घाईत आहे” म्हटल्यावर ९४ टक्के. आणि “मला कॉप्या काढायच्या आहेत म्हणून” असं निव्वळ पोकळ कारण दिलं तरी ९३ टक्के! एवढाच भाग सगळे सांगतात. पुढचा भाग आपल्या कामाचा आहे. पानं वीस झाली तेव्हा काहीच कारण न देता २४ टक्के लोक तयार झाले, पोकळ कारण देऊनही २४ टक्केच, आणि खरं कारण दिल्यावर ४२ टक्के.

मागणी लहान असते तेव्हा पोकळ कारण खपतं. माणसाला काही गमवावं लागणार असतं तेव्हा ते खपत नाही. “पॉलिसी आहे म्हणून” हे कारण “कॉप्या काढायच्या आहेत म्हणून” याच जातीचं आहे. पिशवी गेटवर ठेवा म्हणताना ते चालून जातं. ज्याचे पैसे अडकलेत त्याला ते सांगणं म्हणजे कारणच न सांगणं.

खरी कारणं असतात आणि ती सांगण्यासारखी असतात. दुःख याचं वाटतं की दुकानं ती आपल्याच माणसांना सांगत नाहीत. ट्रेनिंगमध्ये मुदत किती, टॅग हवा की नको, हे पाठ करून घेतात. का, हे कुणी सांगत नाही. पैसे ज्या कार्डानं भरले त्याच कार्डावर परत का? कारण चोरलेल्या कार्डानं माल घ्यायचा आणि परत करून रोख उचलायची, ही फसवणुकीची जुनी वाट आहे. बिल का हवं? कारण रॅकवरून उचललेला माल थेट काउंटरवर आणून पैसे मागणारे असतात. मुदत का? कारण सीझन संपला की तोच माल पूर्ण किमतीला विकला जात नाही, पुरवठादारही परत घेत नाही. आतल्या कपड्यांचं सील तुटलेलं का चालत नाही, हे तर कुणालाही पटतं.

“सर, पैसे त्याच कार्डावर टाकावे लागतात. उद्या तुमचं कार्ड कुणी चोरून वापरलं आणि आम्ही त्याला रोख दिली, तर पैसे तुमचे जातील.” हे एक वाक्य मी किती तरी जणांना शिकवलंय. ऐकणारा प्रत्येक जण खूश होतो असं नाही, पण भांडण दुसऱ्या वळणावर जातं, कारण आता नियम त्याच्याविरुद्ध उभा नसतो. आणि एखाद्या नियमाचं खरं कारण तुमच्या मॅनेजरलाही सांगता येत नसेल, तर तो नियम वर पाठवून विचारायलाच हवा. असे नियम असतात. कुणीतरी एकदा फसवलं म्हणून घातलेले आणि मग कुणी काढून टाकायला न धजलेले.

आता तुमचं मूळ दुखणं. मागे एका दुकानात मी नव्या स्टाफबरोबर काउंटरच्या बाजूला उभा होतो. एक बाई मुलाचे बूट घेऊन आल्या. खोका होता, बिल होतं, तळ अगदी कोरे. मुदत उलटून चार दिवस झालेले. काउंटरवरच्या मुलीनं बारकोड स्कॅन केला आणि स्क्रीनकडे बघतच म्हणाली, “सिस्टिम घेत नाही.”

“चारच दिवस झालेत हो. मुलगा दवाखान्यात होता.”

“पॉलिसी आहे, मॅडम.”

“अगं, मी काय सांगतेय ते ऐकशील तरी का?”

मुलगी अजूनही स्क्रीनकडेच बघत होती. उर्मट होती म्हणून नाही. तिला त्या बाईंच्या डोळ्यांत बघायची भीती वाटत होती, कारण तिच्याकडे देण्यासारखं काहीच नव्हतं. आवाज वाढला, मॅनेजर आला, मुलीकडे न बघता त्यानं आपला कोड टाकला आणि म्हणाला, “काही हरकत नाही मॅडम, लगेच करून देतो.” बाई गेल्या. त्यांच्यामागे एक गृहस्थ इतका वेळ शांतपणे उभे होते, हातात टॅग काढलेला शर्ट. त्यांची पाळी आली. मुलीनं तोंड उघडायच्या आत ते म्हणाले, “मॅनेजरलाच बोलवा.”

त्या मॅनेजरचा निर्णय योग्य होता. चार दिवस, कोरे बूट, आजारी मूल. मीही दिले असते. पण ज्या पद्धतीनं दिले त्यातून रांगेतल्या प्रत्येकाला कळलं की त्या मुलीशी बोलण्यात अर्थ नाही. मुलीलाही कळलं की पुढच्या वेळी ऐकून घ्यायचीही गरज नाही, कारण ठरवणार दुसराच आहे. आणि जो ग्राहक मुकाट्यानं “बरं” म्हणून परत गेला असेल, त्याच्यावर अन्याय झाला. सभ्य माणसाला नियम आणि ओरडणाऱ्याला सवलत, असं ज्या दुकानात चालतं तिथला स्टाफ हळूहळू सभ्य माणसांशीही रुक्ष होतो. हे मी फार जवळून पाहिलंय आणि मला त्याचं अजूनही वाईट वाटतं.

उपाय असा. काउंटरवरच्या व्यक्तीला ठरलेल्या मर्यादेपर्यंत स्वतः सवलत द्यायचा अधिकार द्यावा: मुदत थोडी उलटलेली चालेल, अमुक रकमेपर्यंत क्रेडिट नोट देता येईल, असा. लेखी द्यावा आणि त्यासाठी तिचा स्वतःचा कोड असावा. वापरलेल्या प्रत्येक सवलतीची एका ओळीत नोंद ठेवावी: काय, का, कुणी दिली. महिन्यानं ती नोंद वाचली की दोन गोष्टी दिसतात. कुणी अधिकार उधळत असेल तर ते कळतं. आणि तीच सवलत पुन्हा पुन्हा द्यावी लागत असेल तर नियमच चुकीचा आहे हेही कळतं. तेव्हा नियम बदलावा, उघडपणे. अमेरिकेतल्या एल. एल. बीन कंपनीनं माल केव्हाही परत घ्यायची आपली प्रसिद्ध हमी फेब्रुवारी २०१८ मध्ये थांबवली आणि एक वर्षाची मुदत व खरेदीचा पुरावा अशा अटी घातल्या, कारण काही जण वर्षानुवर्षं वापरून झिजलेला, अगदी दुसऱ्याकडून जुना घेतलेला मालही परत आणत होते. त्यांचा निर्णय कुणाला पटो न पटो, कारण जाहीर सांगितलं आणि नियम सगळ्यांना सारखा लावला, हे मला योग्य वाटतं.

तरीही काही वेळा मॅनेजरला यावंच लागतं. तेव्हा त्यानं आल्या आल्या ग्राहकाकडे वळू नये. आधी आपल्या माणसाला विचारावं, “काय झालंय?” आणि ग्राहकासमोर पूर्ण ऐकून घ्यावं. मग ग्राहकाचं ऐकावं. सवलत द्यायची ठरली तर म्हणावं, “यांनी नियम बरोबर सांगितला. पण कारण खरं आहे आणि माल कोरा आहे, म्हणून या वेळी घेऊया,” आणि पुढचं काम काउंटरवरच्या व्यक्तीलाच करू द्यावं. कोड मॅनेजरचा असला तरी पैसे तिच्या हातून जावेत. याला अर्धं मिनिट जास्त लागतं. जो मॅनेजर हे अर्धं मिनिट वाचवतो, त्याला दिवसभर काउंटरवरच उभं राहावं लागतं.

आता तुमच्या हातात काय आहे ते. न्यायाविषयीच्या संशोधनात जॉन थिबॉ आणि लॉरेन्स वॉकर यांनी १९७०च्या दशकात दाखवलं की स्वतःची बाजू मांडायला मिळाली तर निकाल विरुद्ध जाऊनही माणसाला ती पद्धत जास्त न्याय्य वाटते. काउंटरवर याचा अर्थ अगदी साधा आहे. ग्राहक बोलत असताना हात कीबोर्डवरून काढा, वस्तू हातात घ्या, तिच्याकडे बघा. वस्तूकडे नीट बघणं फार मोठं काम करतं, कारण मग तुम्ही दोघं एका बाजूला आणि तो बूट दुसऱ्या बाजूला, असं होतं. त्याचं बोलणं संपलं की एका वाक्यात परत सांगा: “म्हणजे घेतल्यावर पहिल्यांदा घातला आणि चेन अडकली, बरोबर?” चुकीचं समजलं असेल तर तो दुरुस्त करेल, दुरुस्त करणारा माणूस ओरडत नसतो.

मग जे करता येतं ते आधी सांगा, जे येत नाही ते नंतर. “रोख देता येणार नाही, पण साइझ बदलून मिळेल” आणि “साइझ आत्ता लगेच बदलून देते, रोख मात्र देता येणार नाही, कारण...” यांत माहिती एकच आहे, ऐकणाऱ्याच्या मनात होणारा परिणाम वेगळा आहे. नाही म्हणायचंच असेल तर एकदाच, स्पष्ट म्हणा. “बघते”, “विचारून सांगते”, “कठीण आहे” असं म्हणत राहिलात तर ग्राहकाला दार किलकिलं दिसतं आणि तो जोर लावत राहतो. नंतर नाही ऐकलं की त्याला फसवल्यासारखं वाटतं, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही.

लेबलवर एक किंमत आणि बिलात दुसरी, या वादाबद्दल थोडक्यात. इंग्लिश कायद्यात १९५३च्या एका खटल्यापासून हे ठरलेलं आहे की रॅकवर मांडलेला माल हा विक्रीचा पक्का प्रस्ताव नसतो. ग्राहक तो काउंटरवर आणतो तेव्हा प्रस्ताव तो मांडतो. म्हणजे करार म्हणून बघितलं तर दुकान चुकीच्या किमतीला बांधील नसतं. पण दिशाभूल करणारी किंमत लावणं हा बऱ्याच ठिकाणी वेगळा गुन्हा आहे. माझा सल्ला वाद न घालण्याचा आहे: फरक मामुली असेल तर लेबलवरची किंमत लावा आणि कुणाला तरी लगेच पाठवून ते लेबल काढा.

‘ग्राहक नेहमीच बरोबर’ हे वाक्य विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या मोठ्या दुकानांच्या काळातलं आहे. १९०९ मध्ये लंडनमध्ये आपलं दुकान उघडणारे हॅरी सेल्फ्रिज आणि शिकागोचे मार्शल फील्ड, दोघांच्याही नावावर ते सांगितलं जातं. तेव्हा माल विकला की जबाबदारी संपली, अशी सर्रास समजूत होती. तक्रार खरी धरून चालायची, हे मालकानं ग्राहकाला दिलेलं वचन होतं. ते निभवायला लागणारा खर्च मालकाच्या खिशातून जायचा होता. पगारावर काम करणाऱ्या माणसाच्या स्वाभिमानातून तो वसूल करावा, असं त्यात कुठेही नाही.

म्हणून शिवीगाळ, धमकी, अंगावर येणं याला वेगळी रेघ आहे आणि तिथे समजुतीचं बोलणं थांबवायचं. “मला तुमचं काम करायचंय, पण या भाषेत नाही” एवढं एकदा म्हणा. तरी थांबला नाही तर काउंटरपासून मागे व्हा, सहकाऱ्याला किंवा सिक्युरिटीला बोलवा, व्यवहार तिथेच थांबवा. अशा वेळी सवलत देऊन सुटका करून घेऊ नका. मॅनेजरनंही देऊ नये, मागणी एरवी मान्य करण्यासारखी असली तरी. ती नंतर, शांतपणे, लेखी तक्रारीवर देता येते. स्कॉटलंडनं २०२१ मध्ये दुकानातल्या कामगारांवर हल्ला करणं, धमकावणं, शिवीगाळ करणं यासाठी स्वतंत्र कायदा केला, कारण हे ‘कामाचा भाग’ म्हणून सोडून दिलं जात होतं. समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशिल्ड यांनी १९८३ मध्ये भावनिक श्रम ही कल्पना मांडली: पगारासाठी मनात एक आणि चेहऱ्यावर दुसरं धरून ठेवणं हेही श्रमच आहेत आणि त्यानं माणूस थकतो. अशा प्रसंगानंतर दहा मिनिटांचा ब्रेक मागणं हा नाजूकपणा नाही. मागा.

हे वाचणाऱ्या ग्राहकांनाही सांगतो. समोरच्या व्यक्तीनं नियम केलेला नसतो, आणि बहुतेकदा तो बदलायची ताकदही तिच्याकडे नसते. आधी काय झालं ते सांगा, मग काय हवं ते स्पष्ट सांगा: बदली, दुरुस्ती की पैसे. नाही म्हणाली तर “हे कोण ठरवू शकतं?” असं शांतपणे विचारा. हा प्रश्न “मॅनेजरला बोलवा” याच्यापेक्षा वेगळा ऐकू येतो आणि बहुधा ती स्वतःच मॅनेजरला तुमची बाजू सांगते. सदोष मालाला नकार मिळाला तर तो लेखी मागा. लेखी द्यायची वेळ आली की पुष्कळ नकार विरघळतात.

तुमच्यासाठी पुढचं पाऊल असं. शिफ्ट सुरू व्हायच्या आधी, वाद ताजा नसताना, मॅनेजरशी बोला. “तुम्ही मला खोटं पाडता” असं म्हणू नका. गेल्या काही आठवड्यांत त्यांनी दिलेल्या सवलती लिहून न्या आणि विचारा, “यातल्या कोणत्या मी स्वतः देऊ शकले असते?” ते एखादी जरी मान्य करतील ती तुमच्या कोडवर चालू करून घ्या. एकही मान्य केली नाही, तर निदान एवढं ठरवून घ्या की अशा केसमध्ये तुम्ही ग्राहकाला नाही म्हणायचंच नाही. माल बघायचा, म्हणणं ऐकून घ्यायचं, आणि म्हणायचं, “हे मॅनेजर ठरवतात. मी त्यांना बोलावते आणि तुमचं म्हणणं सांगते.” ज्याचा निर्णय आहे, नकारही त्यानंच द्यावा.